लुकलुकणारे दिवे आणि उलटं व्होल्टेज

आळीपाळीने लुकलुकणारे दोन दिवे. हौशी मंडळींपैकी बहुतेकांनी हे सर्किट कधी ना कधी जोडलेलं असतं. दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर. पण ते ट्रान्झिस्टरपेक्षा जुनं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये आब्राम आणि ब्लॉक यांनी ते व्हॅल्व्ह वापरून बनवलं. मल्टिव्हायब्रेटर हे नावही त्यांचंच.

आता यात घडतं काय, बघा. एक ट्रान्झिस्टर चालू झाला की त्याच्या कलेक्टरचं व्होल्टेज एकदम खाली येतं. कपॅसिटर तोवर भरलेला असतो. त्यामुळे त्याच्या दुसऱ्या टोकाला जोडलेला बेस, म्हणजे दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा, शून्याच्याही खाली ढकलला जातो. बॅटरी ९ व्होल्टची असेल तर जवळजवळ उणे ८ पर्यंत! व्हॅल्व्हला याचं काहीच वाटत नसे, ग्रिड ऋण असणं हे तर तिथे रोजचंच.

१९५०च्या दशकातले जर्मेनियम ट्रान्झिस्टरही बहुधा हे सोसत. पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंना इंडियमची गोळी वितळवून ते बनत. चकतीत अशुद्धी कमी, म्हणून एमिटरची बाजूही कलेक्टरसारखीच बऱ्यापैकी दणकट.

मग सिलिकॉन आलं. १९५९मध्ये फेअरचाइल्डमध्ये जाँ हर्नी यांनी प्लेनर पद्धत आणली. ट्रान्झिस्टर वेगवान झाला, स्वस्त झाला, पण एमिटरशी अशुद्धी दाट असल्याने तिथली उलटी सहनशक्ती घटली. आपला बीसी ५४७ घ्या. कलेक्टर-बेसला ५० व्होल्टची मर्यादा, एमिटर-बेसला फक्त ६. आकृती मात्र तीच राहिली.

आणि गंमत म्हणजे दिवे लुकलुकतच राहतात. जंक्शन दर फेरीला थोडं उलटं वाहतं, वेळेचं गणित चुकतं, हळूहळू गेन घसरतो. ट्रान्झिस्टर जळत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पुढे तोच काढून ॲम्प्लिफायरमध्ये लावला की मग खरखर!

बॅटरी ५ व्होल्टची असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर प्रत्येक बेसच्या वाटेत एकेक १एन४१४८ डायोड घालावा, पट्टीची बाजू बेसकडे. काही जण तो बेस आणि एमिटरमध्ये उलटा लावतात; रिले चालवताना ते ठीक, पण इथे कपॅसिटरची झेपच तुटते आणि दिवे भराभर लुकलुकू लागतात. बेसचा रेझिस्टर डायोडच्या अलीकडे, कपॅसिटरच्या बाजूलाच ठेवायचा. पलीकडे गेला तर कपॅसिटरला रिकामं व्हायला वाटच उरत नाही.