चंद्राचे तापमान आणि भट्टीतला ऑक्सिजन

चंद्राच्या पोटात तापमापक घालता येत नाही. मग तिथले तापमान कसे कळणार?

नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक चुंबकत्वमापक ठेवला. सौरवाऱ्याबरोबर येणारे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असते. बदलत्या क्षेत्रामुळे वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे आपण दहावीच्या वर्गात शिकवतोच. चंद्राच्या अंतर्भागातही असे प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षेत्र मूळ क्षेत्रात मिसळते. चंद्राभोवती फिरणाऱ्या एक्स्प्लोरर 35 या यानावरील नोंदींशी तुलना करून शास्त्रज्ञांनी अंतर्भागाची विद्युतवाहकता काढली.

तापल्यावर धातूंची वाहकता घटते, खडकांची मात्र वाढते. म्हणजे प्रयोगशाळेत खनिज तापवून वाहकतेचा तक्ता केला, की वाहकतेवरून तापमान सांगता येते. चंद्राच्या अंतर्भागात ऑलिव्हीन हे खनिज भरपूर असावे, म्हणून त्याचे तक्ते वापरले गेले. उत्तर आले, की चंद्र आतून अपेक्षेपेक्षा बराच थंड आहे!

चूक चंद्रावरच्या उपकरणात नव्हती, तक्त्यात होती. ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनबरोबर थोडे लोहही असते. या लोहाच्या आयनांवर दोन धनभार असतात. भरपूर ऑक्सिजनमध्ये खनिज तापवले, तर काही आयनांवर तीन धनभार येतात. मग शेजारच्या आयनावरचा इलेक्ट्रॉन त्यांच्याकडे उडी मारतो, आणि अशा उड्यांमधूनच वीज वाहते. पण चंद्रावर ऑक्सिजनचा इतका तुटवडा, की तिथून आणलेल्या खडकांत धातुरूप लोहाचे कण सापडले.

आल्फ्रेड ड्यूबा आणि सहकाऱ्यांनी भट्टीत कार्बन डायॉक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण सोडून ऑक्सिजनचे प्रमाण काबूत ठेवले. ऑलिव्हीनची वाहकता जुन्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी भरली. 1973 मध्ये ड्यूबा आणि टेड रिंगवुड यांनी दाखवले, की नवे आकडे वापरले तर चंद्राचा अंतर्भाग शेकडो अंशांनी अधिक गरम असू शकतो.

ऑक्सिजन कमी म्हणजे वाहकता कमी, असा सरसकट नियम मात्र नाही. टायटॅनियम डायॉक्साइडची पांढरी पूड हायड्रोजनमध्ये तापवली, तर ती निळसर काळी पडते आणि वीज वाहू लागते. तिथे बाहेर पडणारा ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून जातो.

गंमत म्हणजे ही तत्त्वे नवी नव्हती. कार्ल वाग्नर आणि सहकाऱ्यांनी 1933 मध्येच दाखवले होते, की ऑक्सिजन वाढवला तर क्युप्रस ऑक्साइडची वाहकता वाढते आणि झिंक ऑक्साइडची घटते. ते ज्ञान खडकांच्या भट्टीपर्यंत पोचायला चाळीस वर्षे लागली.

प्रयोगवहीत आपण तापमान लिहितो, कधी दाबही लिहितो. पदार्थ कोणत्या वायूत तापवला, याचीही एक ओळ विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी, असे आम्हाला वाटते.