निवड समिती कोणाची? पालवणकर बाळू, विली ओ'री आणि आपण

'खेळाला जात नसते.' मैदानाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. शिक्षक म्हणतात, प्रशिक्षक म्हणतात, टीव्हीवरचे समालोचक तर म्हणतातच. धावा काढणाऱ्याला कोणी जात विचारत नाही, गोल करणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नाही, म्हणून तुम्हीही खेळा आणि आरक्षण-बिरक्षण विसरा, असा त्याचा पुढचा अर्थ असतो. दोन खेळाडूंच्या कारकिर्दीवर हे वाक्य तपासून पाहू. एक कॅनडाचा, दुसरा आपला.

आंजी (मोठी)मध्ये मे महिन्यात अंगणात पाय ठेववत नाही, तिथे बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. पण आइस हॉकी हा कॅनडात आपल्या क्रिकेटसारखा खेळ आहे. त्याची सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. ती १९१७ साली सुरू झाली आणि पुढची चाळीस वर्षे त्यात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १८ जानेवारी १९५८ रोजी विली ओ'री बोस्टन ब्रुइन्सकडून मॉन्ट्रियलच्या बर्फावर उतरला तेव्हा ही भिंत फुटली. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. कळले तर बाहेर काढतील म्हणून त्याने ते लपवून ठेवले होते. दोन सामने झाले आणि त्याला परत खालच्या लीगमध्ये पाठवले गेले. १९६०-६१ च्या हंगामात आणखी ४३ सामने मिळाले. शिकागोत प्रतिस्पर्ध्याने हॉकीच्या काठीच्या टोकाने त्याचे दात पाडले. एकूण ४५ सामने, ४ गोल, आणि मग त्या लीगचा दरवाजा कायमचा बंद. त्यानंतर तो १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. म्हणजे खेळ संपला नव्हता, बोलावणे संपले होते. ओ'रीनंतरचा दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, त्या लीगमध्ये आला १९७४ साली.

गुणवान खेळाडूच नव्हते का? होते ना. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या कृष्णवर्णीय चर्चच्या लोकांनी १८९५ मध्येच स्वतःची हॉकी लीग उभी केली होती. खेळ येत होता, संघ होते, बघायला गर्दी होती. फक्त संघ निवडणारे गोरे होते.

आता १८९० च्याच दशकातल्या पुण्यात येऊ.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे कोकणातले, जात चांभार, वडील लष्कराच्या चाकरीत. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊ, तेही पुढे नामांकित क्रिकेटपटू झाले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडायचे आणि रोलर फिरवायचे, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. जाळी लावायची, रेषा आखायच्या, आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाचा नावाजलेला फलंदाज इतरांच्या आधी येऊन त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करायचा. ग्रेगला बाद केले की आठ आणे बक्षीस मिळायचे, असे सांगतात.

साहेबांनी बाळूंकडून तासन्तास गोलंदाजी करून घेतली, पण त्यांच्या हातात बॅट दिली नाही. गोलंदाजी म्हणजे घाम, म्हणून ती नोकराने करायची. फलंदाजी म्हणजे शान, ती मालकाची. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. पूना क्लबाच्या जाळीत ती विभागणी चाळीस वर्षे आधी बावीस यार्डांत आखलेली होती, आणि ती आखायला ब्राह्मणाचीही गरज पडली नव्हती, इंग्रजच पुरेसा होता.

युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्याच्या हिंदू क्लबाला लवकरच कळले. थोडी कुरकुर झाली आणि बाळू संघात आले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, एकदा वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळे पान. हात धुवायला पाणी घालणाराही अस्पृश्यच. रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेटच्या इतिहासात हे सगळे तपशिलाने नोंदवले आहे. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांनी बाळूंचे जाहीर कौतुक केल्याचेही तिथे आहे. जिंकून देणाऱ्याचे कौतुक करायला कोणाचे काय जाते?

मुंबईत गेल्यावर त्यांनी आधी लष्करात आणि मग बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी केली. हिंदू जिमखान्यातर्फे खेळताना १९०६ साली युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे ८ बळी. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज, जे थोडकेच सामने खेळले आणि बाकी वेळ मेजवान्यांत रमले. पस्तिशीतले बाळू मात्र दुखऱ्या खांद्याने सबंध उन्हाळा गोलंदाजी करत राहिले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७५ बळी, लेस्टरशायरविरुद्धच्या एकट्या विजयात ११. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहून सादर केले, असे गुहा नोंदवतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच दोन नावे एकमेकांसमोर येणार आहेत.

इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांना दिले. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंचा होता. मनाचा मोठेपणा म्हणू, पण मान काही हलला नाही.

मग १९२० साल उजाडले. जानेवारीत 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. मे अखेरीस आपल्या शेजारी नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. आणि त्याच वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत दोन अस्पृश्य खेळाडूंनी चक्क संप केला! झाले असे की बाळूंना संघातून वगळले, पै आजारी पडले, आणि कर्णधारपद पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना दिले गेले. देवधर उत्तम फलंदाज होते यात वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम हे त्यांना ज्येष्ठ होते, कामगिरीही होती. दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते, असे लेखी निवेदन जाहीर केले. मुंबईत चर्चा पेटली. शेवटी अंतिम सामन्यासाठी पै परत आले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केले, भाऊ परतले. सामन्याच्या ओघात पै मैदानाबाहेर गेले आणि काही काळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले, हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले.

आपल्याकडे हा संप फारसा सांगितला जात नाही. मातीच्या भांड्यातला चहा सांगितला जातो, कारण त्यावर हळहळता येते. पण बाळूंचे १७९ प्रथम श्रेणी बळी जे करू शकले नाहीत, ते दोन भावांनी 'खेळणार नाही' म्हटल्यावर झाले. गुणवत्तेने त्यांना मैदानात आणले, कर्णधारपद मात्र भांडून मिळाले.

आता नाजूक भाग. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. एम. सी. राजा यांच्यासोबत त्यांनी संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली. पुणे करारावर पी. बाळू ही सही आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार दिला तो पालवणकर बाळू. गांधीजी तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहत होते. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५.

म्हणून आपल्यातले काही जण म्हणतात, बाळूंचे नाव कशाला घ्यायचे? विरोधकांचा माणूस. दुसरीकडे काँग्रेसी आणि हल्लीचे समरसतावाले त्यांना पुढे करतात : पाहा, एक अस्पृश्य हिंदू संघात खेळला, सगळे कसे गुण्यागोविंदाने चालले होते. मला दोन्ही मान्य नाहीत. समरसतावाल्यांना १९२० चे निवेदन दाखवावे, तेवढे पुरे. आपल्या मित्रांशी मात्र जरा सविस्तर बोलावे लागेल.

पुणे कराराचा प्रश्न आणि १९२० चा प्रश्न एकच आहे. निवड समिती कोणाची? स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे आमचा कर्णधार आम्ही निवडणार. संयुक्त मतदारसंघ म्हणजे जागा आमची, पण निवडणारे तुम्ही. ज्या घराने हिंदू जिमखान्याच्या निवड समितीला जाहीर जाब विचारला, त्याच घराचा मोठा मुलगा बारा वर्षांनी मोठ्या निवड समितीच्या बाजूला जाऊन बसला. माझ्या मते ती बाळूंची चूक होती आणि समाजाला ती महाग पडली. पण ती कशी घडली हेही पाहायला हवे. ज्याचे सारे आयुष्य एकत्र संघात जागा मिळवण्यात गेले, ज्याने ती जागा इंच इंच रुंदावताना पाहिली, त्याला वेगळा संघ म्हणजे आपल्या कमाईवर पाणी वाटले असेल. व्यवस्था अशाच माणसाला शोधत असते. लोक ओळखतात, मानतात, आणि तो पुरावा म्हणून उभा करता येतो. 'हा आमच्यात आला, मग तुमचीच तक्रार का?' ओ'रीच्या नावाचेही असेच झाले. एकाला आत घेतल्याचा दाखला सोळा वर्षे पुरला, तोवर दुसरा घ्यावा लागला नाही.

आणि हा चांभार विरुद्ध महार असा प्रश्न करू नका. तसा तो व्हावा हीच तर योजना होती. पां. ना. राजभोज चांभारच, आणि ते पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले. सी. ना. शिवतरकर तर सुरुवातीपासून बाबासाहेबांच्या सोबत होते.

१९३७ मध्ये बाबासाहेब २,०२० मतांनी निवडून आले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला त्याच मुंबईत, राखीव जागेवर, काँग्रेसने नारायण काजरोळकर यांना उभे केले आणि बाबासाहेब हरले. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते आपल्या विदर्भात, भंडाऱ्यात उभे राहिले. तिथेही राखीव जागा होती, आणि तिथेही काँग्रेसचा उमेदवार जिंकला. पालवणकर बाळू पुढच्या वर्षी, ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले.