चाकांवरची पेटी वाचायची कशी?

तुमचा डेटा कुठून येणार? पीएचडीच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. राजांवर, सरकारांवर, मोठ्या कंपन्यांवर काम करणाऱ्याला उत्तर सोपं असतं. दप्तरं आहेत, पत्रव्यवहार आहे, हिशेबाच्या वह्या आहेत. पण १९१० साली अमेरिकेतल्या एखाद्या कारखान्यात लेथवर उभ्या असलेल्या माणसाचं काय? जनगणनेत त्याच्या नावाची एक ओळ असेल, पगारपत्रकावर सही असेल. तो दिवसभर काय करायचा, कोणतं हत्यार त्याला सतत लागायचं, कोणतं हौसेनं घेऊन तसंच पडून राहिलं, हे त्यानं कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरज तरी त्याला कशाला वाटावी?

त्याची हत्यारांची पेटी मात्र पुष्कळदा मागे उरते. ओक लाकडाची, हातानं जुळवलेली, पाच-सात उथळ खणांची, खाली चाकांची बैठक जोडलेली. अशा पेट्या आज हौशी लोक विकत घेतात, तासतात, चकाचक करतात आणि दिवाणखान्यात ठेवतात. माझं शिक्षण रसायनशास्त्राचं. जुन्या लाकडावरच्या लेपांच्या निमित्तानं मी या पेट्यांकडे ओढला गेलो. आज तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, की अशा पेटीत वाचण्यासारखं काय असतं आणि दुरुस्त करताना त्यातलं काय पुसलं जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी. तिकडच्या यंत्रशाळांमध्ये रीत अशी, की लेथ, मिलिंग वगैरे यंत्रं मालकाची, पण मोजमापाची आणि हाताची बरीचशी हत्यारं कामगाराची स्वतःची. आपल्याकडे आयटीआयमधून बाहेर पडलेल्या टर्नर-फिटरला ही गोष्ट लगेच कळेल. म्हणजे ती पेटी हेच त्या माणसाचं भांडवल. नोकरी बदलली की पेटी उचलायची आणि निघायचं.

आता पेटीचा आकार असा का झाला ते बघा. फ्रान्समध्ये झां लोरां पामर यानं १८४८ साली स्क्रूवर चालणाऱ्या मायक्रोमीटरचं पेटंट घेतलं. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात जोसेफ ब्राउन आणि लुशियन शार्प या अमेरिकी भागीदारांनी ते पाहिलं आणि मायदेशी परतून खिशात मावेल असा मायक्रोमीटर बाजारात आणला. इंचाचा हजारावा भाग मोजण्याची सोय साध्या कामगाराच्या हातात आली. पण असं नाजूक हत्यार कानशी-हातोड्यांबरोबर एका खोक्यात कोंबता येत नाही. त्याला उथळ खण हवा, तळाशी मऊ फेल्ट हवं आणि ओल नको. सुताराची पेटी म्हणजे एक मोठा संदूक, आत सरकते ट्रे. मशिनिस्टची पेटी ही जवळपास दागिन्यांच्या कपाटासारखी झाली, त्याचं कारण हे.

या पेट्यांसाठी सगळ्यात नावाजलेलं गाव म्हणजे ओहायो राज्यातलं डेटन. हॅरी गर्स्टनर यानं १९०६ साली तिथे पेट्या बनवायला सुरुवात केली, आणि त्याच्या नावाची कंपनी आजही त्याच गावात पेट्या बनवते. डेटन का, तर तिथे नॅशनल कॅश रजिस्टरचा कारखाना होता, राइट बंधूंचं सायकलचं दुकान त्याच गावात होतं, पुढे मोटारींचे विजेचे भाग बनवणारी डेल्को कंपनीही तिथेच उभी राहिली. बारीक मापाचं काम करणारी माणसं गावभर होती, म्हणून त्यांच्या हत्यारांना घर बांधून देणारा कारागीरही तिथेच रुजला. (संशोधनाचा विषय शोधताना हे ध्यानात ठेवा: मोठ्या उद्योगाच्या शेजारी त्याला सामान पुरवणारा छोटा धंदा असतो, आणि त्याच्यावर लिहिलेलं फार कमी सापडतं.)

गर्स्टनर पद्धतीच्या पेटीत मला दोन गोष्टी विशेष आवडतात. पहिली, पुढची फळी. काम चालू असताना ती खणांच्या खाली आत सरकून बसते. संध्याकाळी बाहेर ओढून उभी केली आणि वरचं झाकण लावून कुलूप घातलं, की सगळे खण एका फटक्यात बंद. दुसरी, मधला उंच खण. बाकीचे खण बोट-दोन बोटं उंचीचे आणि हा एकच उभा. तो पुस्तकासाठी. ‘मशीनरीज हँडबुक’ हा जाडजूड संदर्भग्रंथ १९१४ साली निघाला आणि पेटीतली ही जागा त्याचीच ठरून गेली. कामगाराच्या पेटीत पुस्तकाला राखीव खण! शंभर वर्षांपूर्वीच्या कारखान्यातला माणूस म्हणजे नुसते हात, असं कोणी म्हणालं तर मी हा खण दाखवीन.

लाकूडही विचारपूर्वक निवडलेलं असे. ओंडका आधी चार भागांत फाडून मग अशा फळ्या काढायच्या, की वाढीची वलयं फळीच्या पृष्ठभागाला जवळपास काटकोनात येतील. लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडव्या दिशेनं आकसतं. त्यामुळे हवा बदलली तरी अशी फळी कमी हलते आणि पावसाळ्यात खण अडकत नाही. शिवाय ओकच्या पृष्ठभागावर चांदीसारखे पट्टे उमटतात, ते वेगळंच.

चाकं नंतर आली. मूळ पेटीला वर मूठ असे, ती हातानं उचलायची वस्तू होती. हत्यारं वाढली, पेटीच्या खाली जास्तीच्या खणांची बैठक आली आणि बैठकीला चाकं. त्यात कामाचा प्रकारही बदलला. लेथवर माणूस एका जागी उभा असतो, पण मोटार-गॅरेजमध्ये गाडी स्थिर आणि माणूस तिच्याभोवती फिरता. फिरत्या माणसाला फिरती पेटी लागते. पुढे गॅरेजमध्ये पत्र्याच्या चाकवाल्या कपाटांनी हा बाजार जिंकला. लाकडी पेटी तिच्या बारीक मापाच्या कामापुरती उरली.

म्हणून जुनी चाकवाली लाकडी पेटी हातात आली, की मी आधी ती उलटी करतो. चाकं मुळातली की मागाहून लावलेली? एका चाकाशेजारी जुन्या स्क्रूची बुजवलेली भोकं दिसली, तर चाक किमान एकदा बदललंय. स्क्रूच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असेल, तर तो स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्याच्या आधीचा असूच शकत नाही, कारण हेन्री फिलिप्सचा तो स्क्रू बाजारात आला तेव्हाच. रबरी चाक एका बाजूनं चपटं झालं असेल, तर पेटी बहुधा भरलेल्या वजनासह वर्षानुवर्षं एका जागी उभी होती. आणि आसाभोवती गुंतलेला काळा, तेलकट गोळा? तो टाकून देऊ नका. त्यात त्या कारखान्याच्या जमिनीवरचा धातूचा कीस असतो. पितळ होतं की पोलाद, हे प्रयोगशाळेत एक्स-रे फ्लुओरेसन्सनं काही मिनिटांत कळतं. हा माणूस काय कातत होता याचा पुरावा पेटीच्या मालकीणबाई रॉकेलच्या फडक्यानं पुसून टाकतात आणि वर म्हणतात, किती घाण होती!

खणांच्या तळाशी आणखी मजकूर सापडतो. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. लोखंडी हत्यार ओलसर ओकवर पडून राहिलं, की लोह आणि टॅनिन मिळून निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस घालून आपल्याकडे शाई करायचे, त्यातलंच हे रसायन. म्हणजे हत्यारानं लाकडावर अक्षरशः शाईनं आपली आकृती काढलेली असते. फेल्ट फाटून गेलेल्या खणात अशा सावल्या दिसतात: इथे कंपास होता, इथे गुण्या. ऑक्झॅलिक आम्लानं हे डाग सुरेख निघतात, आणि डाग काढणं हे दुरुस्ती करणाऱ्यांच्या यादीत अगदी वर असतं. माझं म्हणणं एवढंच, की निदान आधी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा.

इथे तुलनेसाठी दोन प्रसिद्ध पेट्या सांगायला हव्यात. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात बेंजामिन सीटन नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांनी डिसेंबर १७९६ मध्ये लंडनच्या क्रिस्टोफर गॅब्रिएल या विक्रेत्याकडून त्याच्यासाठी सुतारकामाची हत्यारं घेतली. बेंजामिननं १७९७ मध्ये त्यांच्यासाठी पेटी बनवली, हत्यारांची किमतींसह यादी ठेवली, आणि मग ती हत्यारं फारशी वापरलीच नाहीत. ती पेटी आज रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. दुसरी पेटी मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री स्टडलीची. पियानो-ऑर्गनच्या कारखान्यांत काम करणाऱ्या या माणसानं (१८३८–१९२५) महोगनी, एबनी, हस्तिदंत आणि शिंपले वापरून भिंतीवरचं एक कपाट केलं. त्यात सुमारे तीनशे हत्यारं एकमेकांच्या पोटात घुसवलेली आहेत. त्याचे फोटो कारागिरांच्या जगात पोस्टर म्हणून लागतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर सीटनची पेटी म्हणजे कंट्रोल सॅम्पल. न झिजलेली करवत कशी दिसते, रंध्याचं पातं मुळात किती लांब होतं, हे ठरवायला तिच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. स्टडलीची म्हणजे आऊटलायर. ती पाहून थक्क व्हावं, पण तिच्यावरून सगळ्या कामगारांबद्दल निष्कर्ष काढू नये. पेटीचा इतिहास म्हणून जे लिहिलं जातं, त्यात या दोन टोकांनाच जागा मिळते. मधल्या हजारो साध्या, झिजलेल्या पेट्या हा खरा नमुना, आणि घरोघरी पॉलिश पेपर फिरतो तो नेमका यांच्यावर.

मग पेटी दुरुस्तच करू नये का? असं मी म्हणत नाही. चिरलेला खण तसाच ठेवला तर फुटतो, गंजलेलं कुलूप ओढून ओढून फळी निघते, ओलं फेल्ट लाकूड कुजवतं. पडून कुजलेल्या पेटीतून कुणालाच काही वाचता येत नाही. प्रश्न क्रमाचा आहे, आणि कोणता पदार्थ लावायचा याचा.

जुन्या लेपाची ओळख पटवणं सोपं आहे. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसावर स्पिरिटचा एक थेंब घेऊन टेकवा. लेप चिकट झाला, तर तो बहुतेक चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं फारसं काही झालं नाही, पण थिनरनं मऊ झाला, तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. हा प्रकार १९२०च्या दशकात पसरला, म्हणून १९१०च्या पेटीवर तो असेल तर पेटी मधे कधीतरी पुन्हा रंगवली गेलीय. दोन्हींनी काहीच झालं नाही, तर तेलाचं वॉर्निश किंवा अलीकडचं काही समजा.

चपडा निघाला तर तुमचं नशीब चांगलं. नवा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून जुन्यावर लावला, की तो खालच्या थराला थोडा विरघळवून त्याच्यात मिसळतो. जुना थर खरवडावा लागत नाही. ही लाख किड्याची, आणि तिचा मोठा पुरवठा पूर्वीपासून भारतातून होत आला. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ साली त्याच कारणानं निघाली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरचं लाखकाम तुम्ही पाहिलं असेल, तर हा पदार्थ तुमच्या ओळखीचाच आहे.

सांध्यांचंही तसंच. जुने डव्हटेल सांधे जनावरांच्या कातडी-हाडांच्या सरसानं चिकटवलेले असत. सरस गरम पाण्यानं आणि वाफेनं सुटतो, त्यामुळे खण न तोडता मोकळा करता येतो आणि पुन्हा सरसानंच जोडता येतो. बाजारातला पांढरा गोंद जास्त पक्का धरतो, ही त्याची जाहिरात आहे. पन्नास वर्षांनी तोच खण पुन्हा उघडावा लागेल, त्या माणसाच्या दृष्टीनं ही अडचण आहे. फेल्ट बदलावंच लागलं, तर जुन्याचा बोटभर तुकडा पाकिटात ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका. आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही, ऑक्सिडेशनची उष्णता बाहेर पडायला जागा मिळाली नाही की तसं होतंच.

काम संपलं, की शेवटचं एक करा. सगळ्यात खालचा खण बाहेर काढा आणि त्याच्या तळाला, बाहेरच्या बाजूनं, एक कागद सरसानं चिकटवा. शाई पेनची नको, पेन्सिल वापरा, ती फिकी पडत नाही. तारीख, काय काढलं, काय लावलं, कोणतं चाक बदललं, जुनं चाक कुठे ठेवलंय, कुठले डाग घालवले आणि त्यांचे फोटो कुणाकडे आहेत. पहिल्या मालकानं आपल्यासाठी असं काही लिहिलं नव्हतं. चौथ्या मालकाला मात्र तो कागद खण उलटा केल्या केल्या सापडेल.