अमेरिकेचे अध्यक्षपद : कावेरीकाठचे नाते आणि उमेदवाराची पारख

५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील मतदान केंद्रे उघडण्यापूर्वीच तामिळनाडूतील एका लहान गावात एका उमेदवाराच्या यशासाठी विशेष पूजा झाली होती. कुंभकोणमच्या दक्षिणेस, मन्नारगुडीजवळील तुलसेंद्रपुरम हे डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस यांच्या आजोबांचे गाव. तेथील धर्मशास्ता मंदिरात देणगीदारांच्या नावांच्या शिळेवर आजोबांप्रमाणेच नातीचेही नाव कोरलेले आहे. निकाल मात्र गावाच्या मनासारखा लागला नाही. रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प यांना ३१२, तर हॅरिस यांना २२६ प्रतिनिधी-मते मिळाली.

हॅरिस यांचे आजोबा पी. व्ही. गोपालन यांचा जन्म १९११ सालचा. केंद्र सरकारच्या सेवेत असताना १९६० च्या दशकात ते निर्वासितांच्या मदतकार्यासाठी झांबियात गेले होते. त्यांची कन्या श्यामला दिल्लीच्या लेडी आयर्विन महाविद्यालयातून पदवी घेऊन १९५८ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाल्या आणि पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधक म्हणून त्यांनी काम केले. त्यांचे पती डोनाल्ड हॅरिस हे मूळचे जमैकाचे अर्थशास्त्रज्ञ. कमला यांचा जन्म २० ऑक्टोबर १९६४ रोजी ऑकलंड येथे झाला. ऑगस्ट २०२० मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी मावश्यांसाठी ‘चित्ती’ हा तमिळ शब्द उच्चारला आणि तामिळनाडूत त्या एका शब्दाची भाषणातील इतर मजकुरापेक्षा अधिक चर्चा झाली.

हे कौतुक स्वाभाविक आहे. परंतु गावाशी नाते असणे आणि भारतास अनुकूल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व त्यांची गल्लत आपल्याकडे दर निवडणुकीत होते. कुंभकोणमच्याच इतिहासात याचे जुने उदाहरण आहे. येथील मराठी कुटुंबात १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण होते. मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केल्यानंतरचा तो कठीण काळ. सयाजीराव तेव्हा अल्पवयीन होते. माधवरावांची परीक्षा तेथे झाली ती राज्याचा जमाखर्च व न्यायव्यवस्था यांवर; तंजावरकडील मराठी हे नाते त्यांना त्या कामी फारसे उपयोगी पडले नसावे.

हीच कसोटी लावली तर चित्र गुंतागुंतीचे दिसते. हॅरिस सिनेटर असताना २०१९ मध्ये त्यांनी रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांच्यासह एक विधेयक मांडले होते. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर प्रत्येक देशासाठी असलेली मर्यादा काढून टाकावी, अशी त्यात तरतूद होती. वर्षानुवर्षे रांगेत असलेल्या भारतीय अभियंत्यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला असता. पण त्याचा कायदा झाला नाही. याच हॅरिस यांनी त्या वर्षी काश्मीरमधील परिस्थितीवर जाहीर चिंता व्यक्त केली, ती भारत सरकारला रुचणारी नव्हती. त्या उपाध्यक्ष असताना, जून २०२३ मध्ये, लढाऊ विमानांच्या इंजिनांबाबत हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी सामंजस्य करार झाला खरा. मात्र जून २०१९ मध्ये ट्रम्प यांनी काढून घेतलेली व्यापारातील प्राधान्य सवलत त्या कारकिर्दीतही भारताला परत मिळाली नाही.

ट्रम्प यांचा लेखाजोखाही एकरंगी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टन आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबाद येथील भव्य सभा, चतुष्कोणीय गटाचे पुनरुज्जीवन, २०१८ व २०२० चे संरक्षणविषयक करार ही एक बाजू. जून २०२० मध्ये एच-१बी व्हिसावर नव्या येणाऱ्यांना घातलेली बंदी ही दुसरी. दुसऱ्या कारकिर्दीत ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर आकारण्याचा निर्णय झाला. तिरुप्पूरचे होजिअरी कारखानदार, कोळंबीचे निर्यातदार आणि परदेशी नोकरीची आशा धरणारे पुणे वा कुंभकोणमचे विद्यार्थी या सर्वांशी हे निर्णय थेट संबंधित होते.

अमेरिकन मतदार मात्र या बाबी क्वचितच डोळ्यांपुढे ठेवतो. महागाई, रोजगार, स्थलांतर आणि गर्भपाताचा हक्क हे २०२४ च्या प्रचारातील प्रमुख विषय होते. शिवाय तेथे मतांची केवळ बेरीज होत नाही. एकूण ५३८ प्रतिनिधी-मतांपैकी २७० मिळविणारा उमेदवार विजयी होतो. मेन व नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात आघाडीवरील उमेदवाराला त्या राज्याची सर्व प्रतिनिधी-मते जातात. म्हणूनच २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते अधिक मिळूनही त्या पराभूत झाल्या. २०२४ मध्ये सारे लक्ष पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना व नेव्हाडा या सात राज्यांकडे होते. ती सर्व ट्रम्प यांनी जिंकली.

उमेदवाराची खरी चाळणी त्याआधी, पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांत होते. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षातील विवेक रामस्वामी यांनी आयोवाच्या पहिल्याच फेरीनंतर माघार घेतली. निक्की हॅली मार्चपर्यंत टिकल्या. दोघांचेही आईवडील भारतातून गेलेले. हॅरिस यांना मात्र ही चाळणी पार करावीच लागली नाही. २१ जुलै रोजी जो बायडेन यांनी माघार घेतल्यावर पक्षाने त्यांना उमेदवारी दिली आणि प्रचारासाठी जेमतेम १५ आठवडे उरले. त्यांच्या पराभवाची चिकित्सा करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

राज्यघटनेच्या अटी थोड्याच आहेत. उमेदवार जन्माने अमेरिकन नागरिक असावा, वय किमान ३५ वर्षे असावे आणि देशात १४ वर्षे वास्तव्य असावे. चिकोडीत जन्मलेले व बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधीगृहावर निवडून आले, २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. पण पहिल्या अटीमुळे अध्यक्षपदाची निवडणूक ते लढवू शकत नाहीत. ऑकलंडमध्ये जन्मलेल्या हॅरिस यांना तशी आडकाठी नव्हती.

पुढील अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. कोणाही व्यक्तीला दोनपेक्षा अधिक वेळा या पदावर निवडून येता येत नाही, अशी तरतूद १९५१ पासून लागू असलेल्या २२ व्या घटनादुरुस्तीत आहे. त्यामुळे दोनदा निवडून आलेल्या ट्रम्प यांच्या जागी रिपब्लिकन पक्षाला दुसरा उमेदवार शोधावा लागेल.