वडगाव ते वसई : तहाची संहिता आणि स्वाक्षरीचा अधिकार

तहांकडे इतिहासलेखनाने बव्हंशी लढायांचे निकाल नोंदवणारे कागद म्हणून पाहिले आहे. परंतु तह हीदेखील एक संहिता असते. ती कोणाच्या नावे लिहिली गेली, कोणाला बांधते आणि तिच्या अर्थनिर्णयनाचा अधिकार कोणाकडे राहतो, हे प्रश्न तिच्याबाबतीतही अटळ ठरतात. या दृष्टीने वडगाव (१७७९) आणि वसई (१८०२) येथील तह शेजारी ठेवून वाचायला हवेत.

राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावास कोंडली गेली. तेथे साष्टीसह १७७३ नंतर मिळवलेला मुलूख परत करण्याचे मान्य झाले. हा करार कलकत्त्याने फेटाळला : तो करून देणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता! या आक्षेपाला १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टचा आधार होता, हे खरे. सुरतेचा तहही (१७७५) कलकत्त्याने याच न्यायाने नाकारला होता. म्हणजे स्वाक्षरी करणारा आपल्या सत्तेच्या वतीने बोलू शकतो काय, हा प्रश्न कंपनीला चांगला ठाऊक होता.

वसईस तो विचारला गेला नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. परागंदा झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला तह केला. किमान सहा हजार पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख, ही कलमे सर्वपरिचित आहेत. (संहितेतील ‘मैत्री’ला मराठीने ‘तैनाती फौज’ हे रोखठोक नाव दिले, हेही एक वाचनच.) अधिक महत्त्वाचे कलम वेगळे आहे. पेशव्याने कंपनीशी विचारविनिमय केल्यावाचून कोणत्याही अन्य सत्तेशी बोलणी करू नयेत. उलट पेशव्याचे आप्त, प्रजा व सेवक यांच्याशी कंपनीचा काही संबंध नाही, त्यांच्यावर पेशव्याचीच निरंकुश सत्ता. दोन्ही बाजू समतोल भासतात. पण शिंदे, भोसले, होळकर कोण? पेशव्याचे सेवक मानले तर कंपनीला त्यांच्यात पडता येत नाही. अन्य सत्ता मानल्या तर पेशव्याला त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलता येत नाही. मराठी सत्तेची घडण नेमकी या दोहोंच्या मधली होती. सरदार स्वतंत्रपणे तह करीत, तरी पुण्याची मान्यता लागे : महादजींनी मे १७८२ मध्ये केलेला सालबाईचा तह नाना फडणिसांनी वर्षअखेरपर्यंत अडवून धरला होता. त्या संदिग्ध, पण जिवंत व्यवहाराला कलमाच्या भाषेत जागा नव्हती.

आपल्या सल्ल्यावाचून तह झाला, ही दौलतराव शिंद्यांची तक्रार या व्यवहाराला धरूनच होती. कंपनीने मात्र सोयीचा अर्थ निवडला. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झाले आणि डिसेंबरात भोसल्यांशी देवगावला व शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावला वेगवेगळे तह झाले. जून १८१७ च्या पुण्याच्या तहात पेशव्याचे मराठा संघावरील प्रमुखत्व संपुष्टात आल्याचे खुद्द बाजीरावाकडूनच लिहून घेण्यात आले. वसईत जे कंपनीचे वाचन होते, ते येथे कलम झाले.