इंजिन-प्रतिकृतीची धातुचौकट : कर्तनसाधनांची निवड

आगगाडीच्या इंजिनाची लहान प्रमाणावरील, परंतु स्वतःच्या वाफेवर किंवा विजेवर रुळांवरून प्रत्यक्ष धावणारी प्रतिकृती घडविताना बाष्पकोष आणि सिलिंडर यांचा सर्व भार ज्या दोन लांबट उभ्या पट्ट्यांवर येतो, त्या चौकटीच्या पट्ट्या पोलादाच्या अथवा पितळेच्या पत्र्यातून हातास इजा न होता आणि पत्रा न पिळवटता कापून काढण्याकामी कोणते हत्यार पसंत करावे, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणे मुख्यतः मीरा-भाईंदर येथील, त्यातही भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतील परिस्थितीस धरून दिली आहेत. कारण स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या धंद्यामुळे पत्रा कापण्याची यंत्रे तेथे मुबलक असली, तरी ती सर्वच या नाजूक कामास मुनासिब नाहीत.

प्रमाण व जाडी : भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मि.मी. असल्याने १२७ मि.मी. म्हणजे पाच इंची रुळांवर चालणारी तिची प्रतिकृती सुमारे १:१३.२ या प्रमाणात उतरते. मूळ इंजिनाच्या चौकटीची प्लेट एक ते सव्वा इंच जाडीची धरली, तर प्रतिकृतीत ती दोन-अडीच मि.मी. भरते, व्यवहारात मात्र बळकटीसाठी ३ मि.मी. जाडीचे नरम पोलाद घेण्याचा प्रघात आहे. १:८७ प्रमाणाच्या विजेवरील प्रतिकृतींत ब्रॉडगेजचे रूळ हिशेबाने १९.३ मि.मी. अंतरावर यावयास हवेत, परंतु बाजारातील तयार रूळ १६.५ मि.मी. रुंदीचे असल्यामुळे हौशी मंडळी तेच स्वीकारतात. पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले व १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय याच लहान प्रमाणाच्या कुळातील आहे. या प्रमाणात चौकट स्वतः घडवावयाची झाल्यास अर्धा ते एक मि.मी. जाडीचे पितळ किंवा जर्मन सिल्व्हर पुरते, आणि साधनांची निवड अर्थातच पालटते.

ब्रिटिश पद्धतीच्या इंजिनांस सपाट प्लेटीची, तर अमेरिकी पद्धतीच्या इंजिनांस जाड गजांची चौकट असे. १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडून आलेल्या डब्ल्यू.पी. जातीच्या इंजिनांची चौकट दुसऱ्या प्रकारची होती, सबब त्यांची पाच इंची प्रतिकृती करणाऱ्यास आठ-दहा मि.मी. जाडीचे गज लागतात व ते काम मिलिंग यंत्रावाचून हाती घेऊ नये. महाराष्ट्रातील हौशी कारागिरास अधिक मोह पडावा असे इंजिन म्हणजे १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाचे, ओरेनस्टाइन उंड कोप्पेल या जर्मन कारखान्याने बांधलेले. त्याची चौकट चाकांच्या बाहेरच्या अंगास असते, म्हणून करवतीची प्रत्येक चूक पाहणाऱ्याच्या नजरेस पडते. ६१० मि.मी. रुंदीचा हा मार्ग १:१९ प्रमाणात ३२ मि.मी. रुळांवर चपखल बसतो.

पत्र्याची निवड : भाईंदरच्या गाळ्यांतून भांड्यांसाठी गोल चकत्या काढल्यावर उरणारे कातरण स्वस्त मिळते, पण चौकटीस ते घेऊ नये. एक तर ते बहुधा एक मि.मी.हून पातळ असते. शिवाय स्टेनलेस स्टील घासले जाताच पृष्ठभागी कठीण होत जाते, आणि करवतीचे पाते क्षणभर जरी न कापता नुसते घसरले, तरी पुढचा दात त्या कठीण थरावर बोथट होतो. शिअरिंग यंत्रावर कापून घेतलेली नरम पोलादाची पट्टी चालते. मात्र कातरीने ती किंचित वाकते व पिळली जाते, म्हणून प्रत्येक कडेस निदान दोन मि.मी. जादा ठेवून मागवावी. थंड रोल केलेले चकचकीत पोलाद घ्यावे की गरम रोल केलेले काळे, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. चकचकीत पट्टीत रोलिंगचा अंतर्गत ताण शिल्लक राहतो व एकाच कडेस खाचा पाडल्यावर ती केळ्यासारखी वाकण्याचा संभव असतो, एवढे मात्र दोन्ही पक्ष मान्य करतात. भाईंदरच्या खाडीच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा पावसाळ्यात पाहता पाहता गंजतो, तेव्हा त्यास तेलाचा हात देऊन ठेवणे इष्ट.

हातकरवत : तीन मि.मी.च्या प्लेटीकरिता हिच्याइतके निर्धोक व अचूक साधन दुसरे नाही, असे येथे निःशंकपणे नमूद करावेसे वाटते. पात्याची निवड दातांच्या संख्येवरून करतात. कोणत्याही क्षणी किमान तीन दात धातूवर टेकलेले असावेत, हा नियम. दोन दातांच्या मधल्या पोकळीत पत्र्याची कड शिरली की दात तुटतो, पाते अडकते आणि कठीण पाते असेल तर त्याच्या कपच्या उडतात. एका इंचात २४ दातांचे पाते तीन मि.मी.च्या एकेरी प्लेटीवर हा नियम थोडक्यासाठी चुकवते, ३२ दातांचे सहज पाळते. परंतु डाव्या-उजव्या अशा दोन्ही प्लेटी एकत्र जखडून कापल्या तर जाडी सहा मि.मी. होते आणि १८ दातांचे पाते अधिक वेगाने व तितक्याच सुरक्षितपणे काम देते. दोन्ही प्लेटी एकदम कापण्याचा खरा लाभ मात्र वेगाचा नव्हे. चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या आसपेट्यांच्या खाचा दोन्ही बाजूंस तंतोतंत समोरासमोर येतात, म्हणजेच आस काटकोनात बसतो. हा लाभ इतका मोठा की प्लेटी सुट्या कापण्याची तजवीज करूच नये. पुढे लागणार असलेल्याच बोल्टांची छिद्रे पाडून त्यांतून प्लेटी एकमेकींस आवळाव्यात.

दातांचे तोंड मुठीपासून दूर, पुढे असावे. प्लेट शिकंज्यात जितकी खाली धरता येईल तितकी धरावी, कापण्याची रेघ जबड्यापासून बोटभरही वर नसावी. प्लेट किंचाळू लागली म्हणजे ती उंच धरली गेली आहे असे समजावे. मिनिटास चाळीस ते पन्नास फेरे पुरेत. आयटीआयमध्ये फिटरच्या उमेदवारास आरंभीच हीच शिस्त लावतात. आसपेटीची खाच खालच्या कडेस उघडी असते, म्हणून तिच्या दोन उभ्या बाजू करवतीने कापून वरच्या बंद बाजूवर तीन मि.मी.ची छिद्रे एकमेकांस लागून ओळीने पाडावीत आणि मधला तुकडा हलवून तोडावा. रेघेच्या आत अर्धा मि.मी. धातू राखून थांबावे. तो अर्धा मि.मी. कानशीचा.

बारीक पितळी पत्र्यासाठी सोनार वापरतात ती तारेसारख्या पात्याची करवत घ्यावी. तिच्या पात्याचे दात मुठीकडे वळलेले असून कापणी खाली ओढताना होते, म्हणून पत्रा टेबलाबाहेर काढलेल्या, तोंडाशी त्रिकोणी खाच पाडलेल्या फळीवर दाबून धरतात. मुंबईत झवेरी बाजारच्या आसपास व नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांतून ही पाती मिळतात.

कटर : गाळ्यागाळ्यांतून आढळणारा हातातला अँगल ग्राइंडर, ज्यास सर्वजण कटर म्हणतात, तो चौकटीचा ढोबळ तुकडा मोठ्या प्लेटीतून सुटा करण्यापुरताच वापरावा. १०० मि.मी. व्यासाची चकती मिनिटास ११,००० फेऱ्यांनी फिरू लागली म्हणजे तिची कड सेकंदास सुमारे ५७ मीटर, अर्थात ताशी दोनशे कि.मी.हून अधिक वेगाने धावते. खाच मिटून ती चिमटली गेली तर यंत्र धरणाऱ्याच्याच अंगावर उसळते. चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी नसावा, मुदत उलटलेली चकती टाकून द्यावी, कापावयाच्या पातळ चकतीच्या बाजूने घासू नये, आणि अडचण होते म्हणून संरक्षक कवच काढणाऱ्या इसमाच्या हाती यंत्र देऊ नये. लाकडाची दातेरी चकती या यंत्रास जोडणे तर सर्वस्वी वर्ज्य. भांड्यांना पॉलिश करण्याच्या गाळ्यात कापडी चाकांचा तंतुमय कचरा जमिनीवर साठलेला असतो व त्यात ठिणगी पडल्यास आग धुमसत राहते. अशा शेजारी कटर लावू नये. याखेरीज चकतीच्या उष्णतेने अरुंद पट्टी वाकते. आसपेटीच्या खाचेचे कोपरे गोल चकतीने निघतच नाहीत. ती पलीकडे जास्त घुसते, आणि तेथून पुढे चौकटीस तडा जाण्याची भीती राहते.

पट्टीकरवतीचे यंत्र उपलब्ध असल्यास उत्तम, परंतु नरम पोलादास मिनिटाला साधारण तीस मीटर पात्याचा वेग मानवतो. लाकूडकामाच्या यंत्राचा वेग त्याच्या कित्येक पट असतो आणि त्यावर पोलाद लावल्यास दात तत्काळ जळतात.

छिद्रण व कानसकाम : ड्रिल यंत्रावर प्लेट हाताने धरू नये. टोक पत्र्याच्या तळातून बाहेर पडताना अडकते व प्लेट पंख्याच्या पात्याप्रमाणे गरकन फिरते. पितळात हा धोका विशेष, म्हणून तेथे ड्रिलची धार थोडी मारून घेतात. चष्मा अवश्य, पण फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नकोत. मोज्याचा एक धागा गुंतला तरी बोट ओढले जाते. खाचा पुऱ्या करताना मुठीवाचूनची कानस वापरू नये आणि दातांत खडू घासावा, म्हणजे कीस अडकून ओरखडे पडत नाहीत. माप पाहण्यास आसपेटीच्या रुंदीचा एक चौकोनी ठोकळा आधी करून घ्यावा व तो सर्वच खाचांत सारखाच घट्ट जातो असे पाहावे.

नियम व वाङ्मय : १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ अन्वये फिरत्या यंत्रभागांस कुंपण व कलम ३५ अन्वये डोळ्यांचे संरक्षण बंधनकारक केले. घरच्या बाल्कनीत छंद म्हणून काम करणारा या कलमांच्या कक्षेत येत नसे. तरीही दोन्ही दंडक त्याने आपणास लागू समजावेत. चौकट हाताने कापण्याची रीत इंग्लंडात पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये काढलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकातून रूढ झाली, आणि त्यात एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने १९२४ पासून पुढे कित्येक दशके साध्या शिकंज्यावर चौकट घडविण्याचे धडे दिले.

लेझर : संगणकीय आराखडा देऊन चौकट बाहेरून कापून घेता येते. ऑक्सिजन वापरून लेझरने कापलेल्या कडेवर कठीण साय धरते. ती आधी घासदगडाने काढावी, नाहीतर चांगली कानस वाया जाते.