डॅडीला मोठं करणारा माणूस

१८ जून १९८१. लंडनच्या वेम्बली अरेनात तुम्ही रिंगच्या अगदी जवळची खुर्ची पटकावली आहे. शेजारी सत्तरीच्या एक आजीबाई, मांडीवर जाडजूड हँडबॅग. दर शनिवारी दुपारी चारला आयटीव्हीवर कुस्ती लागते, ती त्या चुकवत नाहीत. आज मात्र नातवाला घेऊन थेट इथेच आल्या आहेत.

दिवे रिंगकडे वळतात आणि नातू खुर्चीवर चढतो. बिग डॅडी आला! डोक्यावर चमचमती उंच टोपी, सुटलेलं पोट, चेहरा शेजारच्या काकांसारखा. हा हॅलिफॅक्सचा शर्ली क्रॅबट्री, वय पन्नास. त्याचा रिंगमधला पहिला पोशाख बायकोने सोफ्याच्या कापडातून शिवला होता. डावपेच म्हणाल तर मोजकेच : पोटाची धडक द्यायची, नाहीतर सगळ्या वजनानिशी अंगावर पडायचं. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातल्या जाणकाराने नाक मुरडलं असतं. इथे हजारो लोक एका सुरात ‘ईझी! ईझी!’ ओरडताहेत, आणि तुम्हीही ओरडू लागला आहात. कारण याला दाद द्यायला कुस्ती कळावी लागत नाही.

मग जायंट हेस्टॅक्स, म्हणजे मार्टिन रुएन, येतो. साडेसहा फुटांहून उंच, दाढीवाला, डॅडीहूनही अवाढव्य. आजीबाई हँडबॅग उगारून उठतात. हेच दोघे १९७५ मध्ये जोडीने लढत आणि दोघेही शिव्या खात. पुढे डॅडी पोरांचा लाडका झाला. सामने लावणारा त्याचा सख्खा भाऊ मॅक्स होता, हेही खरं. पण भाऊ रिंगमध्ये उतरवू शकतो, आजीबाईंना खुर्चीवरून उठवू शकत नाही. ते काम हेस्टॅक्स करतो. तो जितका भयंकर दिसतो, तितका डॅडी आपला वाटतो.

तीन मिनिटांच्या आत खेळ संपतो. हेस्टॅक्स दोऱ्यांमधून बाहेर कोसळतो आणि नातू आनंदाने आजीच्या गळ्यात पडतो. निकाल आधीच ठरलेला होता, पण या पोराचा आनंद कुणी ठरवून दिलेला नाही.

पैलवान लोकप्रिय होतो तो प्रेक्षकाला लढतीत सामील करून घेतो म्हणून, आणि समोरचा त्याच्यासाठी लोकांचा राग अंगावर घेतो म्हणून. तेव्हा बाहेर पडण्याआधी हेस्टॅक्ससाठीही टाळ्या वाजवा. डॅडीला मोठं करण्यात त्याचा वाटा निम्मा आहे.